हवेविना वाढणारे जंतू : नाहीत

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत असूनही लॅब चालू होती. पुवाचे तीन, लघवीचे एकोणीस आणि थुंकीचे सहा रिपोर्ट टाइप केले. एकही चूक निघाली नाही. आभा मॅडम म्हणाल्या, "ललित, तू आल्यापासून मला स्पेलिंग बघावं लागत नाही. नुसती सही करते." बारावी नापास माणसाला एखाद्या डॉक्टरीणबाई असं म्हणाल्या, तर त्याची तारीख कुठेतरी असावी, म्हणून ही वही पुन्हा उघडली.

एक सुधारणाही केली. माझ्या आधीचा टायपिस्ट दिनेश याने केलेल्या पुवाच्या काही रिपोर्टांत शेवटी एक ओळ असायची : ‘हवेविना वाढणारे जंतू : नाहीत.’ इंग्रजीत असते, इथे मराठीत लिहितो. काही रिपोर्टांत ती होती, काहींत नव्हती. एकाच लॅबचे दोन कागद दोन तऱ्हेचे दिसणं बरं नाही. संगणकातल्या कोऱ्या नमुन्यातच ती ओळ टाकून ठेवली. आता कोणी विसरणार नाही.

पिंपळगावला दादाला फोन केला. त्याची वरची डावी दाढ ठणकते आहे, गाल सुजला आहे. "तिळगूळ अर्ध्याच तोंडानं खातोय लल्या, तवा गोडबी अर्धंच बोलन." दाताच्या डॉक्टरकडे जा म्हटलं, तर म्हणाला, द्राक्षाचा सीझन लागला, पॅकहाउस सोडून कुठं जाऊ. मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्यात, सूज उतरते आहे म्हणे.

२९ जानेवारी, बुधवार

दादा पॅकहाउसमध्ये पडला. पेट्या मोजता मोजता तोंड वाकडं झालं आणि आकडी आली. टेम्पोवाल्याने त्याच्याच टेम्पोतून नाशिकला आणलं. वहिनी रस्ताभर त्याच्या दातांत रुमाल धरून बसली होती. तसं धरायचं नसतं असं नर्स तिला ओरडली. वहिनी म्हणाली, "मला काय माहीत? धरलं ते धरलं."

स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला पुवाची गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, दाढेतून गेलंय. दाढेतून मेंदूत! आईने दोनदा विचारलं, "खरंच दाढंतून?"

३१ जानेवारी, शुक्रवार

काल कवटीला भोक पाडून पू काढला. दादा शुद्धीवर आहे. मला बघून म्हणाला, "आता डोक्याला नळ बसवला. गरम पाणी येतं का बघ." आई रडता रडता हसली.

तो पू आमच्याच लॅबला आला. बाटलीवरचं नाव मी वाचलं आणि रजिस्टरला चढवलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

२ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी असून गेलो. दादाचा रिपोर्ट दुसऱ्या कोणी टाइप करू नये असं वाटलं. एकच जंतू वाढला, स्ट्रेप्टोकॉकस. त्याच्यासमोर बारा औषधांचा तक्ता. जंतू ज्या औषधाने मरतो त्यापुढे ‘एस’, मरत नाही त्यापुढे ‘आर’. सेफ्ट्रियाक्सोनपुढे एस. तेच इंजेक्शन दादाला चालू आहे. खाली ओळ होतीच : हवेविना वाढणारे जंतू, नाहीत. तीन वेळा तपासला. चाळीस कागदांच्या गठ्ठ्यात तो नवव्या क्रमांकावर होता. मॅडमनी सही केली.

दोन महिने हे कागद मी टाइप करतो आहे. आज पहिल्यांदा कागद वाचून छातीवरचं ओझं उतरलं. एकच जंतू, आणि त्यावर औषध सापडलेलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दादाला सोडलं. इंजेक्शन अजून चार आठवडे घ्यायचं आहे आणि आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात ते देतात, म्हणून दादा, वहिनी आणि आई, सगळे माझ्याकडे नाशिक रोडला आले. दोन खोल्यांत चौघं. मी स्वयंपाकघरात झोपतो.

हॉस्पिटलने दिलेल्या कार्डावर दोन औषधं आहेत. सकाळ-संध्याकाळ हाताच्या नळीतून इंजेक्शन, आणि मेट्रोनिडाझोलची गोळी दिवसातून तीनदा. दोन्ही एकूण सहा आठवडे. वहिनीने देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर गोळ्यांचा डबा ठेवला आहे. ती घड्याळ बघून देते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दादाला गोळीचा फार त्रास होतो. तोंडात लोखंड चघळल्यासारखं लागतं, अन्न बघून मळमळतं. आज ज्वारीची भाकरी तशीच ठेवली. पाच किलो उतरला आहे. "लल्या, जंतू मरायच्या आधी म्याच मरन. मग तुझ्या रिपोर्टात काय लिहिशील? शेखर : नाही."

थट्टा होती, पण जेवला नाहीच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लॅबमध्ये दादाच्या रिपोर्टाची प्रत काढून नीट वाचली. तक्त्यात बारा औषधं आहेत, मेट्रोनिडाझोल त्यात नाही. इंटरनेटवर पाहिलं : हे औषध हवेविना वाढणाऱ्या जंतूंवर देतात. आणि आपल्या रिपोर्टात स्पष्ट आहे की तसले जंतू नाहीत. मग गोळी कशासाठी? डॉक्टरांनी रिपोर्ट यायच्या आधी अंदाजाने सुरू केली असणार आणि कार्ड करताना तशीच उतरवली असणार. कागद कसे उतरवले जातात ते मला माहीत आहे.

हॉस्पिटलला दोनदा फोन लावला, ११.१० आणि ११.४० ला. ज्युनिअर डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते.

घरी येऊन प्रत दाखवली. आई तेव्हा धान्य आणायला पिंपळगावला गेली होती. दादाने कागद हातात धरून वहिनीला दाखवला. "बघ. हे काय लिव्हलंय? नाय म्हनजे नाय."

वहिनी म्हणाली, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको."

"अगं, डॉक्टर ज्याच्यावरनं बघतात तो कागद ह्याच्या हातचा हाय. बंद कर ती गोळी."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, सोमवारी दाखवायला जायचंच आहे, तोवर थांबवायला हरकत नसावी. ‘नसावी’ असंच म्हणालो. ‘नाही’ असं म्हणालो नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दाखवून आलो. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, म्हणाले, "छान." विचारलं, "औषधं चालू ना?" दादा म्हणाला, "हो." इंजेक्शन चालूच आहे. मागे बावीस जण बसले होते. ते आणखी विचारतील तर सांगायचं असं मी ठरवलं होतं. त्यांनी आणखी विचारलं नाही. येताना रिक्षात वहिनी कार्डावरची गोळीची ओळ वाचत बसली होती.

२ मार्च, रविवार

दादाने आज दोन भाकऱ्या आणि वांग्याचं भरीत खाल्लं. वजन दीड किलो वाढलं. गॅलरीत बसून पॅकहाउसच्या मुकादमाला फोनवर शिव्या देत होता, म्हणजे बरा आहे. आईला म्हणाला, "आपल्या घरात डॉक्टर हाय, बारावी नापास का असंना." आईने मला दृष्ट काढायला बसवलं. मला!

गोळ्यांचा डबा वहिनीने अजून फळीवरून काढलेला नाही.

१२ मार्च, बुधवार

काल सकाळी दादाचं डोकं दुखायला लागलं. चहा मागायचा होता, तोंडून "पेटी" आलं. आम्ही हसलो. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा "पेटी." मग तो हसायचा थांबला.

गाठ पुन्हा भरली आहे, पहिल्यापेक्षा मोठी. आज दुपारी पुन्हा ऑपरेशन झालं. इंजेक्शन एकही चुकलेलं नाही, तरीही.

ऑपरेशननंतर डॉक्टर बाहेर आले. "गोळ्या घेत होता का? मेट्रोनिडाझोल?" वहिनी म्हणाली, "तीन आठवड्यांपासून बंद आहेत." "कोणी बंद केल्या?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी तिथे लावलेली सूचना वाचत होतो. ‘पादत्राणे बाहेर काढावीत.’ ‘पादत्राणे’ बरोबर लिहिलं होतं.

आई म्हणाली, "गोळ्या हीच द्यायची डाक्टर. हिच्याच हातात व्हत्या. त्यो नको म्हनला की ही लगीच राहू द्यायची. माझ्या मागारी बंद केल्या हिनं." डॉक्टर वहिनीकडे बघून म्हणाले, "शिकलेल्या दिसता हो तुम्ही." आणि आत गेले.

मी बोलायला हवं होतं का? पण कागदावर जे होतं त्यावरूनच मी सांगितलं होतं. कागद चुकीचा असेल तरच मी चुकलो. आणि कागदावर मॅडमची सही आहे.

१५ मार्च, शनिवार

दुसऱ्या पुवाचा रिपोर्ट : काहीच वाढलं नाही. जंतू वाढवायच्या प्लेट तीन दिवस कोऱ्या. मॅडमना म्हटलं, गाठ तर पुवाने भरली होती, मग कोऱ्या कशा? त्यांनी स्वतः पुवाचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. म्हणाल्या, "आहेत. खूप आहेत. दिसतात, पण वाढत नाहीत." त्यांनी दादाचा जुना रिपोर्ट मागितला. वाचता वाचता त्यांचं बोट खालच्या ओळीवर थांबलं.

"ललित, ही ओळ कोणी घातली?"

"जुन्या नमुन्यात होती मॅडम." हे खरं आहे. होती.

"दिनेश ही ओळ कधी टाकायचा माहीत आहे? पू बाहेरच्या लॅबला पाठवून ती तपासणी करून आणली, तरच. आपल्याकडे आहे का कुठे बिनहवेचा डबा? दाखव मला. ही तपासणी आपण केलेलीच नाही. केली नाही आणि नाहीत, यात काही फरक आहे की नाही?"

मॅडमनी स्वतःची सही पाहिली. मग म्हणाल्या, "जानेवारीपासून किती रिपोर्ट गेले असे?"

"एकशे चौदा." मला आकडा माहीत होता.

त्यांनी खुर्ची मागे सरकवली, दार लावलं, पुन्हा येऊन बसल्या. "नमुन्यातून ओळ काढून टाक. आजच. बाकीचं मी बघते." बाकीचं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. त्यांनी पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या मैत्रिणीला फोन लावला आणि उरलेला पू तिकडे पाठवला, जनुकांची तपासणी करायला. नातेवाइकांना सांगायचं नाही म्हणाल्या. मग आठवून म्हणाल्या, "अरे, नातेवाईक तूच आहेस."

ओळ काढली. एका बटणावर बोट ठेवून धरलं की सगळी ओळ जाते.

२४ मार्च, सोमवार

पुण्याहून उत्तर आलं. पुवात तोंडातल्या पाच जातींचे जंतू आहेत, हवेविना वाढणारे. आणि त्यांच्याबरोबर एक सहावं नाव : मेथॅनोब्रेव्हिबॅक्टर ओरॅलिस. स्पेलिंग वहीच्या मागे उतरवून ठेवलं.

मॅडम म्हणाल्या, "हा जिवाणू नाही. नावात बॅक्टर आहे म्हणून फसू नकोस. हा आर्किया."

"म्हणजे विषाणू?"

"तेही नाही. तिसरंच घराणं. गाईच्या पोटात असतात, गोबरगॅसच्या टाकीत असतात, तुझ्यामाझ्या आतड्यात असतात. हिरड्या सडल्या की तिथेही. गॅस तयार करतात. आपण त्यांना जंतू म्हणून मोजतच नव्हतो. ते आजार करतात असं कोणी धरत नाही, म्हणून कोणी शोधत नाही. शोधत नाही, म्हणून सापडत नाहीत."

मी विचारलं, मग सेफ्ट्रियाक्सोन का लागू पडलं नाही? तक्त्यात तर एस होतं.

"एस कोणासाठी? प्लेटवर जो वाढला त्याच्यासाठी. ते इंजेक्शन जिवाणूच्या अंगाभोवतीच्या भिंतीवर घाव घालतं. पेनिसिलिनच्या सगळ्या भावकीचं काम तेच. या आर्कियांना तसली भिंतच नसते. ज्या घराला ती भिंतच नाही तिथे पहार घेऊन काय पाडणार? जिवाणूंसाठी केलेली बहुतेक औषधं यांच्या अंगावरून पाण्यासारखी जातात. जी थोडी लागू पडतात, त्यांतली एक तुझ्या भावाची गोळी. तीच त्या पाच जंतूंनाही मारते."

म्हणजे गोळी चालू असती तर? हे मी विचारलं नाही. त्यांनीच उत्तर दिलं.

"गाठ या आर्कियानेच पुन्हा भरली असं मी छातीठोक सांगणार नाही. पाच जण बरोबर होते. कदाचित हा नुसता त्यांचं उष्टं खाऊन जगत असेल. पण उष्टं उचलणारा असला की पंगत लांबते. ते हायड्रोजन टाकतात, हा तो खातो, म्हणून त्यांना आणखी वाढायला जागा होते. यांच्यावर कुठलं औषध चालतं याचा तक्ता कुठल्याच लॅबमध्ये नाही ललित. आपल्याच नाही, कुठल्याच. म्हणून तर डॉक्टर ती गोळी डोळे झाकून देतात. न दिसणाऱ्यांसाठी असते ती."

मी म्हणालो, रिपोर्ट डॉक्टरांना पाठवायचा ना? त्या म्हणाल्या, "पाठवलाय. गोळी तर बारा तारखेपासून सुरू आहेच." आणि पहिल्या रिपोर्टाचं? त्या पाणी प्यायल्या. "त्यात स्ट्रेप्टोकॉकस बरोबर होता."

त्या चांगल्या आहेत. तपासणीचे पैसे घेतले नाहीत. पगारातही या महिन्यात वाढ देणार आहेत. मागितली नव्हती.

६ एप्रिल, रविवार

दादाला घरी आणलं. जिवंत आहे. उजवा हात उचलत नाही. बोलणं गेलं. समजतं सगळं, पण तोंडून एकच शब्द निघतो : पेटी. पाणी म्हणजे पेटी, आई म्हणजे पेटी. डॉक्टर म्हणतात काही महिन्यांत थोडं परत येईल, किती ते सांगता येणार नाही. पॅकहाउसवाल्यांनी त्याच्या जागी दुसरा घेतला.

मला बघितलं की त्याचा आवाज चढतो. डावं बोट माझ्याकडे करून "पेटी, पेटी, पेटी" करत राहतो, मान लाल होते. आई म्हणते, "बघ, किती जीव हाय त्याचा तुझ्यावर. दुसऱ्या कुनाला एवढ्या हाका मारत नाय."

वहिनी तेव्हा तिथेच असते.

९ एप्रिल, बुधवार

आई वहिनीशी बोलत नाही. शेजारणींना सांगते, "सुनंनं गोळ्या बंद केल्या, माझा हत्तीसारखा पोरगा बसवला." आज वहिनीचे वडील हरसूलहून आले होते. आईने त्यांच्यासमोरही तेच सांगितलं. ते खाली मान घालून म्हणाले, "चुकलं असंल पोरीचं. पदरात घ्या."

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात वहिनीला म्हणालो, तुम्ही आईला सांगितलं का नाही?

"काय सांगू भाऊजी?"

मी ओट्यावरचं ताट पुसायला घेतलं.

ती भांडी घासत होती. म्हणाली, "तुमच्या घरात राहतोय. तुमच्या पगारावर जेवतोय. ह्यांचं इंजेक्शन तुम्ही आणता. मी सांगितलं आणि तुम्ही नाही म्हणालात, तर आम्ही दोघं कुठं जाणार?" कढई उपडी घालून म्हणाली, "आणि मी सांगायचं असेल, तर मग तुम्ही कशाला आहात?"

मी नाही म्हटलं नसतं. असं मला वाटतं. वाटतं, एवढंच लिहितो.

१७ एप्रिल, गुरुवार

बोलणं शिकवणाऱ्या ताई आठवड्यातून एकदा येतात. रोजच्या वापरातल्या वीस वस्तूंची चित्रं आणि शब्द करून ठेवा, घरच्याच कोणीतरी रोज तासभर बसा, म्हणाल्या. आई म्हणाली, ललित बसंल, त्याचं अक्षर सुंदर हाय. मी पुठ्ठे कापले, कोपरे गोल केले, शब्द ठळक लिहिले. पाणी. चहा. भाकरी. चादर. चप्पल. पंखा. वीस भरले.

वहिनीने पुठ्ठे एकेक करून पाहिले. "गोळी राहिली भाऊजी. दिवसातून तीनदा लागते."

"वीसच सांगितलेत."

"पंखा काढा. पंखा काय, दिसतोच."

मी पुठ्ठे गोळा करू लागलो. वहिनी उठली आणि फळीवरून गोळ्यांचं खरं पाकीट आणून दादासमोर ठेवलं. "हे काय आहे, सांगा. सावकाश."

दादाने पाकीट डाव्या हातात घेतलं. उलटसुलट करून पाहिलं. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. "गो," म्हणाला. महिन्याभरातला पहिला नवा आवाज. आई बाहेरून धावत आली. दादाने माझं मनगट ओढलं, पाकीट माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं त्यावर एकेक करून मिटवली. मग मूठ धरून ठेवली. एका हातात एवढा जोर राहिला असेल असं वाटलं नव्हतं. पाकिटाची कड रुतली. तो माझ्याकडे बघत होता आणि म्हणत होता, "गो. गो."

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. गोळी मी बंद करायला लावली, एवढंच. कर्ता, कर्म, क्रियापद.

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघितलं का? औषधाचं आता तुझ्याकडं दिलं त्यानं. हिच्यावर भरोसा राहिला नाय त्याचा. तूच दे रं बाबा हितून म्होरं. देशील ना?"

वहिनी माझ्याकडे बघत उभी होती, दवाखान्यात बघितलं होतं तशी नाही. तेव्हा मी बोलेन म्हणून वाट बघत होती.

मी "हो" म्हणालो.